गोदूबाईच्या घरची शांतता

पाटी त्या दिवशी लवकर रिकामी झाली. नवीनच सुरू झालेल्या एसटीनं आलेल्या एका खाणावळवाल्यानं शकूची सगळी सुरमई एकदम उचलली. छाती दुधानं ठणकत होती, म्हणून ती घरी न जाता मुरुडच्या बाजारातून थेट गोदूबाईच्या दारात आली.

कोळीवाड्यात मासे विकायला जाणाऱ्या बायांची तान्ही पोरं सांभाळणारी दोन घरं होती. ठमीच्या घरी सदा आरडाओरडा. गोदूबाईच्या घरी त्याहून जास्त पोरं आणि तरी सगळं चिडीचूप. शकूनं काही डोळे मिटून पोर टाकली नव्हती. दोन्ही घरं तिनं जाऊन पाहिली होती. ठमीकडे एकाचं नाक वाहतंय, दुसरं भोकाड पसरून बसलंय. गोदूबाईकडे सारवलेल्या जमिनीवर सगळी कशी ओळीनं निजलेली. "गोदूकडंच ठेव, तिच्या हाताला गुण हाय," असं सासूही म्हणाली होती. मग शकूनं आणखी काय बघायचं होतं?

तिची केसर गोधडीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, ओठावर माशी, आणि ओठ हलत नव्हता. शकूनं तिला उचलून पदराखाली घेतलं. दूध तोंडात गेलं आणि गालावरून खाली ओघळलं. तिनं हाक मारली, हलवलं. मान नुसतीच एकीकडची दुसरीकडे पडली.

गोदूबाई चुलीपाशी सहाणेवर काहीतरी उगाळत होती. बोटाला लागलेला तपकिरी लेप तिनं शेजारच्या पोराच्या जिभेला पुसला.

"काय देतेस ते?" शकूनं विचारलं.

"अफू. मोहरीएवढी," गोदूबाई म्हणाली. "तू एवढ्या लवकर कशी आलीस गो?"

लाज नाही, दचकणं नाही. शकू लवकर आली, याचंच काय ते तिला नवल.

शकूनं सहाण उचलली आणि अंगणात भिरकावली. "माझी पोर मारतेस तू?"

"मरत न्हाय कोण. इतक्या वर्षांत एकच गेलं, ते पण तापानं." गोदूबाईनं हात लुगड्याला पुसले. "आणि रडलं तरी चालंल असं बोलून माझ्या दारात कोण पोर ठेवते? तू बोललीवतीस?"

शकूला तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण तेवढा वेळ नव्हता. तिनं केसरच्या तोंडावर पाणी मारलं, तळपायांना टिचक्या मारल्या, चिमटे काढले. स्वतःच्या पोरीला चिमटे काढताना तिला रडू फुटलं, तरी ती थांबली नाही. किती तरी वेळानं केसरनं कपाळाला आठी घातली, आणि बारीक, चिरका आवाज काढला. मग मोठा. शकूनं तिला खांद्यावर घेतलं आणि ती घराकडे सुटली. वाटेत एका बाईनं "गप कर ना पोरीला" म्हटलं, तिच्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

नीराबाई, तिची सासू, अंगणात सुकट निवडत बसली होती. रडणं ऐकून तिनं मान वर केली.

"आज गोदू द्यायची विसरली काय?"

शकू जागच्या जागी थांबली. "आये, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? तुझा नवरा तिथंच वाढलाय. आमी बाजार कसे केले असते गो?" नीराबाई पुन्हा सुकटीकडे वळली. सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. एकट्या शकूला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं.

"तिला मागच्या दारी ने," सासू म्हणाली. "गुणाजी आताच होडीवरनं येऊन निजलाय. झोप मोडंल त्याची."

शकू मागच्या दारी गेली नाही. ती आत गेली, आणि टाहो फोडणारी पोर तिनं झोपलेल्या नवऱ्याच्या छातीवर ठेवली.