आतून थांबवलं

धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्याचा फोन आला, तेव्हा थोरली अर्ध्या वाटेत चार्जिंग केंद्रावर अडकली होती. भर दुपारची वेळ. गाडी फास्ट चार्जिंगला लावली की जरा वेळ चालायचं आणि मध्येच बंद पडायचं.

तिने प्लग काढून पुसला, पुन्हा घट्ट बसवला. गाडी शेजारच्या मशीनला लावून पाहिली. तिथेही तेच.

केंद्रावरच्या मेकॅनिकने मशीनच्या पडद्यावर बोट ठेवलं. "मॅडम, बिघाड नाहीये. 'गाडीतून थांबवले' असं येतंय बघा. आतल्यांना सांगा, स्टॉपला हात लावू नका म्हणून."

"आत कोण असणार? मी एकटीच आलेय."

मेकॅनिकने काचेतून आत डोकावलं. गाडी रिकामी होती. त्याने काढता पाय घेतला.

थोरलीने चार्जिंग पुन्हा सुरू केलं आणि आत बसून स्टॉपच्या बटणावर नजर रोखली. कोणाचा हात लागला नाही. तरी बटण दाबल्यासारखं उजळलं आणि चार्जिंग थांबलं.

तिच्या अंगावर काटा आला. मग मात्र तिचं डोकं फिरलं. ती ड्रायव्हिंग शिकवायची. भल्याभल्यांना दटावून सरळ करायची.

"हे बघ," ती कडाडली, "तू कोण आहेस याच्याशी मला घेणंदेणं नाही. माझी बहीण वाट बघतेय आणि मी जाणार म्हणजे जाणार! उतरायचं तर आत्ता उतर. यायचं असेल तर पट्टा लाव आणि गप बस."

चार्जिंग सुरू झालं.

मागच्या सीटवर पट्टा सरसरत ओढला गेला, आणि खटका बसला.