तीन पानांची लबाडी

दिनदर्शिकेची तीन पाने घड्याळजींनी एकदम फाडली. आवाज होऊ नये म्हणून बोटांनी दाबून, हळूहळू. एकोणतीस, तीस, एकतीस. पानांची घडी खिशात सारून त्यांनी जुना पुठ्ठा खिळ्यावरून उतरवला आणि त्या जागी नव्या वर्षाची दिनदर्शिका टांगली. पलंगावर पत्नी अजून झोपेत होती.

त्यांचे सारे आयुष्य लोकांची घड्याळे दुरुस्त करण्यात गेले होते. घड्याळ पुढे पळते अशी तक्रार घेऊन कोणी आले, की ते म्हणत, "पळू द्या, पकडून आणतो." वेळेच्या बाबतीत त्यांनी लबाडी म्हणून कधी केली नव्हती. ही पहिलीच.

महिन्याच्या मध्यावर डॉक्टरांनी त्यांना जिन्यात थांबवून सांगितले होते, "काका, काकू नवं वर्ष बघतील, असं मला सांगवत नाही." आणि पत्नीने तर नेमका त्याच वर्षाचा ध्यास घेतला होता. त्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण व्हायची होती. ती म्हणे, "अख्खं वर्ष नकोच मला. एक दिवस बघितला तरी पुष्कळ. पन्नासाव्यालाही ही होती बरं का, असं तुम्हाला चारचौघांत सांगता येईल."

टिकटिक तिला सोसत नसे, म्हणून घरातली सगळी घड्याळे त्यांनी थांबवून ठेवली होती. दिवस मोजायला उरली ती दिनदर्शिका. सकाळी डोळा उघडला की एक पान फाडायचे, हा त्यांचा नेम. चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्यांनाच सणकून ताप भरला, तरी तो उतरताच उठून त्यांनी पहिले काम केले ते पान फाडण्याचे. परिचारिकेने थट्टाही केली, "काका, चांगलीच झोप काढलीत की! एका घरात दोन-दोन रोगी, मी एकटीनं कुणाकुणाकडे बघायचं?"

त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. परवा रात्री गल्लीत बराच वेळ गलका चालला होता. कोणाचे लग्न असावे असे म्हणून त्यांनी खिडकी अधिकच घट्ट लावून घेतली.

काल परिचारिकेची सुट्टी होती. संध्याकाळी ते औषधाचा चमचा घेऊन बसले, तर पत्नीने मान फिरवली. "राहू द्या आता. माझ्याच्यानं नाही निभायचं." इतकेच ती बोलली; पण रात्रभर घड्याळजींच्या कानात तेच घुमत राहिले. नवे वर्ष तिच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर ते आपणच आणले पाहिजे, असे त्यांनी पहाटे ठरवले.

पत्नीने डोळे उघडले. तिची दृष्टी भिंतीवर स्थिरावली.

"अहो, नवं लावलंत?"

"लावलं. उजाडलं एकदाचं."

"खरंच? की माझी समजूत घालताय?"

"घड्याळजीला तारीख विचारतेस?" त्यांनी उसने हसू आणले.

तिच्या डोळ्यांत पाणी तरळले. कितीतरी दिवसांनी ती उशीला टेकून बसली. वर्षाच्या पहिल्या सकाळी गेल्या वर्षातली एक चूक एकमेकांपाशी कबूल करायची आणि एक आठवण जपून ठेवायची, असा त्या दोघांचा परिपाठ होता.

"आधी माझी चूक," ती म्हणाली. "तुमचा तो तपकिरी कोट हरवला नाही. मीच देऊन टाकला."

"भर थंडीत मी आठ दिवस शोधत होतो तो!"

"म्हणून तर सांगतेय. आता आठवण. तुम्ही तापानं फणफणला होतात ना, तेव्हा या पलंगावरून मी सारखी तुमच्या श्वासावर कान ठेवून होते. मला तेव्हा मरायलाही सवड नव्हती बघा." ती हसली. "आता तुमची चूक सांगा."

खिशातली पाने जणू निखारा झाली. ज्या सकाळी खरे बोलायचे, त्याच सकाळी आपण असे वागलो! ओठांवर आलेले शब्द त्यांनी गिळले. "मी... तुझ्या बहिणीला तू झोपली आहेस म्हणून दोनदा परत पाठवलं."

"ही चूक नव्हे, उपकार!"

तेवढ्यात दार वाजले. परिचारिका असणार. ती भलतेच बोलून जाईल या धास्तीने घड्याळजी लगबगीने पुढे झाले, ओठांवर बोट ठेवले आणि भिंतीकडे खूण केली. तिने क्षणभर तिकडे पाहिले आणि आत शिरून ती प्रसन्नपणे म्हणाली, "काकू, नवं वर्ष सुखाचं जावो!"

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. किती चटकन समजून घेतले पोरीने! डोळ्यांची पापणीही लवली नाही.

पाठोपाठ डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, पुन्हा नाडी पाहिली. पत्नी म्हणाली, "डॉक्टर, बघा, राहिले की नाही मी?"

"राहिलात, काकू," डॉक्टर म्हणाले.

आता घड्याळजींना राहवेना. डॉक्टर निघाले तसे तेही मागोमाग जिन्यापर्यंत गेले. खिशातली पाने काढून त्यांनी डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

"डॉक्टर, तिला सांगू नका. ती आता तग धरायची नाही असं वाटलं, म्हणून तीन दिवस आधीच तिला नवं वर्ष दाखवलं. जन्मात पहिल्यांदा खोटी वेळ सांगितली मी. मला क्षमा करा."

डॉक्टरांनी ती पाने उलगडली. पानांकडे आणि मग घड्याळजींच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिले.

"काका, पाच दिवस तापात होतात तुम्ही," ते हळुवारपणे म्हणाले. "आज जानेवारीची दोन तारीख आहे."