राखीव यादी

"डावे डोळे आधी घेऊ," हातमोजे चढवत डॉक्टर म्हणाले.

मोतीबिंदू शिबिराच्या यादीचा कॉम्प्युटर प्रोग्राम वत्सलानं घरच्या घरी शिकून लिहिला होता. तिनं बेचाळीस पेशंटची यादी 'राखीव' या नावानं बाजूला ठेवली, मूळ यादी रिकामी केली आणि नव्या क्रमानं भरायला राखीव उघडली. तीही रिकामी निघाली.

कुणाचा कोणता डोळा, हे आता कोण सांगणार? तिनं दुसरी यादी केलीच नव्हती, त्याच यादीला दुसरं नाव दिलं होतं. लग्नात माहेरची कुंदा वत्सला झाली, म्हणून काय दोन बायका झाल्या?

"सिस्टर, यादी पुसली गेली."

"माणसं बसलीत की बाकावर," सिस्टर म्हणाल्या.

ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूच्या भुवईवर त्यांनी प्रत्येकाला चिकटपट्टी लावली होती. "कॉम्प्युटर असताना कशाला हे?" म्हणून सकाळी वत्सलाच हसली होती.

ती वही घेऊन पहिल्या आजींसमोर बसली. "आजी, नाव सांगा."

"माहेरचं की सासरचं?"

"एकच सांगा, आजी," वत्सला म्हणाली. "दोन नावांनी आज घात केलाय."