एकाच ताग्यातलं

"वरचं अन् खालचं एकाच ताग्यातलं पाहिजे," यशोदाबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. "एका दोऱ्याचा फरक मले चालणार नाही."

"आंटीजी, को-ऑर्ड सेट म्हणजे तेच तर असतं," रेणू हसली. गोंदियाच्या बाजारात तिचं बुटीक होतं. पन्नाशीपुढच्या बायकांसाठी ती मुद्दाम असे जोडकपडे शिवी. पण कामठ्यासारख्या खेड्यातली बासष्ट वर्षांची बाई आपण होऊन मागते आहे, हे ती पहिल्यांदाच बघत होती. "कुर्ता गुडघ्याखाली घेऊ, पँट सरळ. वरून खालपर्यंत एकच रंग गेला की माणूस उंच दिसतो. बाजूच्या चिरा मोठ्या ठेवते, मांडी घालता येईल."

"ठेव. कीर्तनात तीन तास बसाचं हाय."

काउंटरशी सून योगेश्वरी आपलं ब्लाउज उलटसुलट करून तपासत होती. "आई, नागऱ्याच्या सप्त्याच्या मंडपात साऱ्या बाया लुगड्यात राहतील अन् तुम्ही पिच्चरमधल्यासारख्या. लोक हसतील."

"मागल्या साली मी लुगड्यातच होती न? मंग हसाचे राहिले काय कोणी?"

योगेश्वरीने ब्लाउज पुन्हा उलटं केलं.

मागल्या साली यशोदाबाई नारंगी लुगड्यावर जांभळ्या फुलांचं, घरात घालायचं विटकं पोलकं घालून सप्त्याला गेल्या होत्या. परतताना एका पायात आपली चप्पल आणि दुसऱ्या पायात परक्याची. बाया पदरात तोंड लपवून हसल्या. न्यायला आलेल्या मुलाने, भूपेंद्रने, ते पाहिलं.

"मायचं डोस्कं फिरून राहिलं," तो घरी येऊन म्हणाला. "आता खाटेवर बसून मोबाइलवरच कीर्तन आयक."

मोबाइलवरचं कीर्तन म्हणजे चित्रातला प्रसाद. त्यात मृदंगाचा ठोका छातीत लागत नाही. बुवांनी चाल उचलली की शेजारणीच्या टाळीत आपली टाळी मिसळत नाही. चाळीस वर्षं यशोदाबाईंनी काल्याचं कीर्तन चुकवलं नव्हतं. त्यांनी वर्षभर पाठ सोडली नाही. शेवटी भूपेंद्र एका दिवसाला कबूल झाला, तोही अट घालून: "पुन्हा काई येडंवाकडं दिसलं, तर हे शेवटचं."

पंधरा दिवसांनी दोन सेट तयार झाले, एक मरून, एक हिरवा. रेणूने मरून सेट त्यांच्या अंगावर नीट बसवला, खांदा ओढून सरळ केला, बाही कोपराखाली दुमडली.

"आता आरशात बघा."

"आरशात कायले पाहू? या वयात तो खोटंच बोलते. तूच सांग पोरी."

"एकदम राणी दिसता."

"राणी नोको. शायनी दिसतो का, तेवढं सांग."

"खूप शहाण्या दिसता, आंटीजी."

"मंग झालं. आता एक काम कर. मरूनले चौकोनी बटण लाव, हिरव्याले गोल. गळ्याजवळ एक अन् पँटच्या कमरेले आतून एक."

"आतून? ते कोणाला दिसणार?"

"देवाले दिसते."

रेणू खळखळून हसली. योगेश्वरीने मात्र मान वर केली. सासूबाईंकडे ती जरा वेळ बघत राहिली.

"लावून द्या, ताई," ती म्हणाली. "आता बटणाचंही फॅड निघालं."

रेणूने बटणं लावली. उरलेली पुडीत बांधून योगेश्वरीच्याच हातात दिली.

काल्याच्या दिवशी सकाळी यशोदाबाई मरून सेट घालून दारात आल्या. भूपेंद्रने मोटरसायकल पुसता पुसता त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. वर मरून, खाली मरून. बोट ठेवायला जागा नव्हती.

"बरी दिसते, माय," तो नाइलाजाने म्हणाला.

योगेश्वरीने चपला त्यांच्या पायापाशी आणून ठेवल्या. "पुसून ठेवल्या आहेत," एवढंच बोलून ती आत गेली.

मंडपात यशोदाबाई सरळ गेल्या आणि नेहमीच्या तिसऱ्या खांबाला हात टेकून बसल्या. बुवांनी गोपाळांची शिदोरी उघडली. कोणाची भाकर, कोणाचं लोणचं, कोणाचं नुसतंच ताक. देवाने सारं एकत्र कालवलं आणि कोणाचं काय ते ओळखू येईना. यशोदाबाई डोळे मिटून टाळ्या वाजवत होत्या. गालावरून पाणी ओघळत होतं. शेजारची बाई कानाशी येऊन पुटपुटली, "कुठून घेतला वो ड्रेस? मलेबी पाहिजे."

दहीहंडी फुटली. लाह्यांचा प्रसाद हातावर पडला. लोक उठले.

मंडपाबाहेर कडुनिंबाखाली पाचशे माणसांच्या चपलांचा ढीग होता. ऐन बाराचं लख्ख ऊन होतं, पण यशोदाबाईंच्या डोळ्यांपुढे तेच पांढरं धुकं होतं, दोन वर्षांपासूनचं. गेलेली नजर परत यायची नाही, हे डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरांचं बोलणं त्यांनी घरात कोणालाच कळू दिलं नव्हतं. कपड्यांचं त्यांनी सारं ठरवलं होतं. चपलांचा विचारच राहून गेला होता.

"माय, चाल," रस्त्यावरून भूपेंद्रची हाक आली. "मी पाहून राहिलो."

यशोदाबाई नमस्काराला वाकावं तशा वाकल्या. बोटं एकेका पट्ट्यावरून फिरू लागली. कातडं, रबर, कातडं. मग एका पट्ट्याच्या कडेला काहीतरी टोचलं. पक्क्या दोऱ्याने शिवलेलं चौकोनी बटण होतं, आणि शेजारच्या चपलेलाही तसंच.