राखीव तास

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या मुलींच्या शाळेत फिजिक्सचे मगदी सर आज पुन्हा रजेवर होते, म्हणून त्यांच्या तासाला प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शहाता काकांना पाठवलं. मुख्याध्यापिकेने दारातच बजावलं, "वर्गात गोंगाट होऊ द्यायचा नाही, एवढंच तुमचं काम. शिकवायच्या भानगडीत पडलात तर मला वर उत्तर द्यावं लागेल."

बारावीच्या त्या वर्गात बेचाळीस बाकं होती आणि मुलगी एकच. बाकीच्या खासगी क्लासला गेल्या होत्या.

"गोंगाट करणार आहेस का?" काकांनी विचारलं.

"एकटीने किती करू?" त्या मुलीने, शुरूकने, तामिया वड्याचा घास गिळला. "त्यापेक्षा हे सर्किट समजावून सांगा ना, काका. परीक्षा महिन्यावर आलीय आणि मला यातलं काही येत नाही."

काकांनी बाहेर पाहिलं, हळूच दार लोटलं आणि फळ्यावर दोन रेझिस्टन्स काढले. अर्ध्या तासात पोरीने तीन उदाहरणं स्वतः सोडवली.

"डोकं तर छान चालतं तुझं. मग क्लासला का जात नाहीस?"

"बाबा पाठवत नाहीत. म्हणतात, शाळेत शिकवतात तेवढं पुरे."

काकांचं टाळकंच सरकलं. "उद्या घेऊन ये त्यांना इथे. शाळेत काय शिकवतात ते एकदा डोळ्यांनी बघू देत."

 

"मी त्यांना रोज हेच सांगते, काका. पण या वेळेला बाबांचा स्वतःचा क्लास असतो. म्हणून तर तुम्हाला यावं लागलं."