चंद्रावरचा दिवा

संकष्टीचा चंद्र वर आला तशी केतकीने नैवेद्याचं ताट अंगणात आणलं. मंदार नव्या दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. जुनी दुर्बीण लेकीला, ईराला देऊन त्याने आकाश बघणं सोडलं, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. ईरा आता चंद्रावरच्या वसाहतीची दिवाबत्ती सांभाळत होती. ही नवी दुर्बीण तिनेच बाबांना पाठवली होती.

चंद्राच्या अंधारलेल्या कडेवर, ठरल्याप्रमाणे, एक ठिपका उघडझाप करू लागला.

"अगं, लावला दिवा पोरीने! ये, बघ लवकर."

केतकीने डोळे भरून पाहिलं. चंद्राला जोडलेले तिचे हात सुटले आणि आशीर्वादासाठी वर झाले.

तिच्या उपासाची जन्मभर थट्टा करणाऱ्या मंदारने मात्र हात जोडले.

"सांभाळतोयस रे बाबा तिला," तो चंद्राला म्हणाला.