वर्षभराचं पाणी

विनयानं सुरी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि अडेनियमच्या बुंध्याला अर्धा इंच वर आणखी एक काप दिला. चकती खाली पडली. मधोमध तपकिरी डाग होता. म्हणजे कूज अजून वर होतीच.

सप्टेंबर संपत आला होता, तरी मयूर विहारच्या त्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी दहालाच घाम नाकावरून टपकत होता. मेमधली लू, तो भाजून काढणारा वारा, तिनं हिरवी जाळी बांधून आणि भर दुपारी कुंड्या टाकीच्या सावलीत ओढून काढली होती. जुलै-ऑगस्ट सत्तर कुंड्यांवर प्लास्टिक ताणून काढला. आणि परतीच्या एका सरीनं प्लास्टिकचा कोपरा उडवला. अकरा कुंड्या गेल्या. नऊ वर्षांत असं एक वर्ष गेलं नव्हतं, की दिल्लीनं काहीतरी नेलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. तिचा नवरा श्रीपाद दोन कप चहा घेऊन वर येत होता. तो गच्चीवर यायचा तो टाकी नाहीतर अँटेना बघायला. चहा घेऊन तो कधीच आला नव्हता. विनयानं आधी कपांकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"परवा एमडींशी बोललो," कठड्यावर कप ठेवत तो म्हणाला. "पुण्याच्या बदलीचं."

तिची सुरी थांबली. "काय म्हणाले?"

"ते तयार होते." त्यानं घसा खाकरला. "मीच नको म्हटलं."

मग तो भराभर बोलत सुटला. मानेसरच्या कारखान्यात नवीन लाइन सुरू होतेय. सगळा प्लांट त्याच्या हाताखाली येणार. सव्वासहाची कंपनीची बस बंद, दाराशी गाडी येणार. गुडगावला एक घरही बघून ठेवलंय, तळमजल्याचं. "घराच्या पुढे आणि मागे स्वतःची बाग, विनया! ही गच्चीवरची हमाली संपली. तुझ्यासाठीच बघितलं, यार."

"मी सुहासिनीबाईंना कळवलंय," ती म्हणाली. "दिवाळीनंतर रुजू होते म्हणून."

"कोण सुहासिनी... अच्छा, तुझ्या पुण्याच्या कॉलेजच्या हेड. अगं, कुणाच्या तरी रजेवरची जागा ती, एका वर्षाची. एका वर्षासाठी कोणी घर हलवतं का? आणि बॉटनी शिकवून तुला नऊ वर्षं झाली. तिथं सगळं बदललं असेल आता."

"दोन वर्षांसाठी दिल्लीला जाऊ म्हणाला होतात."

"तेव्हा मला तरी काय माहीत होतं!"

"निदान विचारायचं तरी मला."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे तो अगदी सरळ मनानं बोलला. त्याचा कप उचलून खाली रस्त्यावर भिरकावून द्यावा असं तिला वाटलं. तिनं सुरी दाबली. रागाच्या भरात काप चार बोटं वर गेला. चकती स्वच्छ निघाली, पांढरीशुभ्र. नको तेवढं झाड कापलं गेलं होतं.

तिनं उरलेल्या शेंड्याला बुरशीनाशकाची पूड लावली, तो वर्तमानपत्रावर आडवा ठेवला आणि हात पुसले.

"खिशात डायरी आहे ना तुमच्या? घ्या लिहून."

विषय बदलला म्हणून श्रीपादला हायसं वाटलं. त्यानं कंपनीची छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण दातानं काढलं. "चलो. बोल."

"ऑक्टोबर. दहा दिवसांतून एकदा पाणी, सकाळी. आधी मातीत बोट घालून बघायचं. ओलसर लागली तर नाही घालायचं."

"बोट घालून. अच्छा."

"दिवाळीनंतर जाळी काढायची आणि पाणी पंधरा दिवसांनी. धुकं सुरू झालं की अगदी बंद. जानेवारीत अडेनियमची सगळी पानं गळतात. तेव्हा दया येऊन पाणी घालायचं नाही."

"मेलंय असं वाटलं तरी?"

"तरी."

तो हसला. "बिल्कुल क्रूर आहेस." पण लिहीत राहिला. लिहिताना शाळेतल्यासारखी जीभ ओठांत धरायची त्याची सवय होती.

"फेब्रुवारी संपताना माती बदलायची. एक भाग माती, दोन भाग बदरपूर, म्हणजे इथली जाड वाळू. बारीक वाळू देतील, ती घ्यायची नाही. मग आठवड्यातून एकदा पाणी. एप्रिलमध्ये जाळी परत बांधायची. गाठी दक्षिणेकडून घाला, नाहीतर आंधी आली की फाटते."

एप्रिल लिहिता लिहिता पेन थांबलं. त्यानं मागचं पान उलटून पाहिलं, मग पुन्हा पुढचं.

"एप्रिलचं मला कशाला सांगतेस?"

"मे," ती म्हणाली. "लू सुटली की पाणी दिवस कलल्यावर. दुपारी चुकूनसुद्धा नाही, मुळं उकडून निघतात. लिहा."

"विनया, अगं, मी काय म्हणतो... बसून बोलू ना आपण."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. तीनदा किक मारून ती लागेना. श्रीपादचा कप साय धरून कठड्यावर तसाच होता. विनयानं पुढची कुंडी ओढली, बुंधा दाबून पाहिला आणि सुरी पुसायला घेतली.

"जून," ती म्हणाली, आणि तो लिहील म्हणून थांबली.